साळे-भाटव्यांचा कॅरम

नोकरीत तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "हरत होतो." ऐकणारा हसतो. म्हातारा उगीच नम्रपणा करतोय असं त्याला वाटतं. नम्रपणाचा इथं काही संबंध नाही. नागपूरच्या एका कॅरम बोर्डाच्या कारखान्यात मी प्रात्यक्षिकं दाखवणारा माणूस होतो, आणि गावोगाव फिरून, चारचौघांच्या देखत, नवशिक्या माणसाकडून पटेल असं हरणं हे माझं काम होतं. ते मी फार चांगलं केलं. हे मलाच सांगावं लागतं, कारण ज्यांनी सांगावं ते सगळे वर गेले.

बोर्ड विकणं माझ्याकडे नव्हतं. त्यासाठी भंडाऱ्यात आणि तुमसरला दुकानदार बसलेले होते. पण ज्या गावात कॅरम कुणी खेळतच नाही, तिथला माणूस बोर्ड घ्यायला दुकानात कशाला जाईल? म्हणून आधी खेळणारे तयार करायचे. गावात जायचं, बोर्ड मांडायचा, पावडर टाकून हात फिरवायचा, खेळ दाखवायचा, आणि बघणाऱ्यांपैकी चौघांना तरी स्ट्रायकरला बोट लावायला लावायचं. यातलं शेवटचं तेवढं अवघड. बघायला लोक कशापुढंही उभे राहतात. विहिरीत पडलेली बादली काढतानासुद्धा गर्दी जमते, म्हणून कुणी विहिरी विकत घेत नाही.

या कामावर मी आलो तो हौसेनं नाही. आधी मी कारखान्यातच होतो, पॉलिश पेपरनं बोर्ड घासायला. चांगला बोर्ड म्हणजे काय, तर पावडर न टाकताही सोंगटी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे, आणि ते सगळं घासणाऱ्याच्या हातात असतं. माझा हात चांगला होता, छाती चांगली नव्हती. लाकडाची ती मैद्यासारखी बारीक भुकटी नाकातोंडात जायची. आधी खोकला आला, मग दम लागू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की भुकटीतून बाहेर निघ, नाहीतर मुलगी मोठी झालेली बघशील की नाही याची खात्री मी देत नाही. मुलगी तेव्हा रांगत होती.

मी शेठजींपुढं जाऊन उभा राहिलो. शेठजी वाईट माणूस नव्हते, फक्त कमी बोलायचे. बोर्डावर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाजावरून लाकूड ओळखायचे, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांची पद्धत साधारण तशीच होती. ते म्हणाले, "भंडारा लाइन आपल्याला कधी जमली नाही. दोन माणसं पाठवली, दोन्ही परत आली. तू तिकडचा आहेस ना? मोहाडीचा? मग जा. दिवाळीनंतर तिकडं मंडया भरतात, त्या संपेपर्यंत फिर. लोक खेळायला बसले तर लाइन तुझी. नाही बसले तर परत घासायला बस. तिसरी जागा माझ्याकडे नाही."

सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं. मी बोर्ड गोणपाटात शिवला, एस.टी.च्या टपावर चढवला आणि आपल्याच मुलखात परका होऊन निघालो.

पहिला मुक्काम अर्थातच मोहाडी, बाजाराचा दिवस. ग्रामपंचायतीच्या बाजूला, वांगी आणि लसणाच्या ढिगांच्या मध्ये मी बोर्ड मांडला आणि मला येत होतं ते सगळं दाखवून टाकलं. एका फटक्यात दोन्ही कोपऱ्यांत दोन सोंगट्या घातल्या. डोळ्यांवर रुमाल बांधून राणी घेतली. पाठमोरा बसून, खांद्यावरून मागं बघत कट मारला. गर्दी अशी झाली की लसूणवाली शिव्या देऊ लागली. मी मनात म्हटलं, जमलं. मग उठून मोठ्यानं विचारलं, "या, कोण बसतं समोर?"

कुणी बसलं नाही. एका म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यातून चिल्लर काढली आणि अदबीनं बोर्डावर टाकली. त्याचं बघून आणखी दोघातिघांनी टाकली. मग सगळे समाधानानं पांगले. मी डोंबारी ठरलो होतो. आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी माझ्या वडिलांचे मित्र उभे होते, म्हणजे ही बातमी माझ्या आधी घरी पोचणार होती.

घरी गेलो तर बाबा ओसरीवरच बसलेले. "काहून रे, शिकला-सवरलेला मानूस, अन् बजारात तमाशा करून राहिला?"  पण त्या दिवशी मी या धंद्यातली पहिली गोष्ट शिकलो. तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितके लोक लांब बसतात. म्हणून त्यानंतर मी समोरच्यापेक्षा एकच सोंगटी वरचढ राहायचं आणि शेवटी ती राणी हुकवायची, असा हात बसवला. खेळ हुकवणं खेळ साधण्यापेक्षा कठीण असतं, कारण हुकलेलं खोटं वाटता कामा नये. यात माझं एक नुकसान झालं. पुरा हात सोडून खेळायची संधी मला पुढं आयुष्यभर मिळाली नाही. अजूनही स्वप्नात मी कधी कधी एका बैठकीत सगळा बोर्ड साफ करतो, आणि जाग आल्यावर वाईट वाटतं.

आंधळगावला थोडं बरं गेलं. तिथं एक धान्याचे व्यापारी माझ्यासमोर बसले आणि माझ्या सफाईदार हरण्यामुळं जिंकलेसुद्धा. खूश होऊन त्यांनी बोर्ड चारी बाजूंनी तपासला आणि मला बाजूला घेतलं.

"बोर्ड चांगला आहे. घेतो मी. पन एक काम करा. माया समोरचे दोन भोकं जरासे लहान करून द्या."

"का हो?"

"मायासमोर मायाच लहाना भाऊ बसनार. तिकडचे दोन भोकं त्याचे होतीन. त्याच्या भोकाईत कमी गेलं पायजे."

चारही भोकं दोघांची असतात, आणि आपण मारतो ते बहुतेक समोरच्याच भोकांत, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "सामाईक आहे व्हय?" असं म्हणून त्यांनी बोर्ड घ्यायचा बेत सोडून दिला. शेतीच्या वाटण्यात त्यांचं आणि भावाचं फाटलेलं होतं, हे मला नंतर चहावाल्यानं सांगितलं.

असं करता करता दिवाळी आली आणि मंडया सुरू झाल्या.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना मंडई म्हणजे भाजी बाजार वाटेल, म्हणून सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची. रात्री दंडार, म्हणजे नाचगाणं आणि सोंगं. दिवसा जत्रा. उसाच्या मोळ्या, तलावातले शिंगाडे, मुरमुरे, आणि पानाची दुकानं तर विचारूच नका. पण मंडईचा खरा जीव पाहुण्यांत असतो. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी नवऱ्यासह माहेरी येतात. गावात जितकी घरं तितके जावई, आणि त्या सगळ्यांना दुपारी जेवण झाल्यावर करायला काहीही नसतं. सासऱ्यासमोर आडवं होता येत नाही, बायकांत बसता येत नाही, आणि शेतावर जाऊ कुणी देत नाही. धुतलेले कपडे घालून ते बापडे मंडईत नुसते फिरत असतात.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. रिकामे, तरणे, इस्त्रीचे कपडे घातलेले आणि कंटाळलेले पुरुष, तेही गावोगावचे! इथं शिकलेला जावई आपल्या गावी जाऊन दहा जणांना शिकवणार. याहून चांगली जमीन कोणती?

पहिली मंडई सिहोऱ्याकडच्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची चूक काहीच नव्हती. मी मांडवात बोर्ड मांडला. गावच्या वडीलधाऱ्यांनी कौतुकानं एका जावयाला पुढं केलं. रामटेककडचे होते, अंगानं भक्कम, गळ्यात रुमाल. समोर गावातला एक माणूस बसला. त्याचा हात बघूनच मी ओळखलं की हा कुठंतरी खेळलेला आहे. बोट सरळ, नजर पक्की. आणि तरी त्यानं भोकाच्या तोंडावर असलेली सोंगटी हुकवली. मग दुसरी हुकवली. जावई जिंकले, लोकांनी "वा!" केलं. दुसरा बसला, तोही तसाच हरला. मग तिसरा. खेळात काही जीवच राहिला नाही. बघणारे पान खायला सरकू लागले.

 मला वाटलं, असला मेलेला खेळ बघून कोण शिकणार, निदान खरा खेळ काय असतो ते तरी यांना दिसू दे. मी स्वतः बसलो आणि जावयांना धुऊन काढलं. त्यांच्या आठ सोंगट्या बोर्डावर तशाच राहिल्या.

 मी वर पाहिलं तर लोक माझ्याकडे असे बघत होते की मी जणू देवाच्या पानातलं उचलून खाल्लं. एक वयस्क गृहस्थ जवळ आले. आवाज मुळीच चढवला नाही.

"भाऊ, आमच्या गावात, आमच्या मांडवात, आमचे जावई हरवले तुमी?"

"काका, खेळ आहे तो."

"खेळ असन. पन जावयाचा मान त खेळ नोहे ना. एवढा येळ आमचे पोट्टे कायले हरून राहिले होते?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिघंही मुद्दाम हरले होते. मी पोटासाठी जे करायचो, ते हे गाव रीत म्हणून करत होतं, आणि माझ्यापेक्षा वाईट अभिनय करून. मी स्वतः या मुलखात जन्मलेला, पण नागपूरच्या नोकरीत मला एवढी गोष्ट आठवली नाही. त्यांनी मला चहा पाजला, पान दिलं, आणि चार जणांनी मिळून माझा बोर्ड सांभाळून उचलून रस्त्याकडेला नेऊन ठेवला. कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या गावी माझ्या आधी माझी कीर्ती पोचली होती. बोर्ड उतरवतोय तोवर एक बाई दुसरीला म्हणाली, "हा पाय, जावई हरवनारा बोर्डवाला." त्या गावी कुणी जवळ आलं नाही. त्याच्या पुढच्या गावीही नाही. मंडया एकेक करून संपत चालल्या होत्या. मी संध्याकाळी मोहाडीला घरी येऊन, हंगामापुरत्या तिथं आणलेल्या मुलीला मांडीवर घ्यायचो आणि मला भुकटीचा वास यायचा. तो नाकात नव्हता, डोक्यात होता. पण यायचा.

अशाच एका मंडईत मी बोर्ड न उघडताच पानाच्या दुकानाशी बसून राहिलो होतो. शेजारी एक जावई आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, दौलत नावाचा, मिश्या नुकत्या आलेला. दौलतनं पानवाल्याला डोळा मारला आणि पान भाटव्यांच्या हातात दिलं. आमच्याकडे बहिणीचा नवरा तो भाटवा. भाटव्यांनी पान तोंडात घातलं, दोनदा चावलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आत लवंगी मिरची होती. आजूबाजूचे सगळे पोट धरून हसले. त्यांत गावचे म्हातारेही होते, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते खुद्द भाटवे, एका हातानं जीभ पुसत.

मी पानवाल्याला विचारलं, "बाप्पा, आता जावयाचा मान कुठं गेला?"

पानवाल्याला माझी कीव आली. "अजी, तो साळा व्हय ना! साळ्याचा हकच आहे तो. साळ्यानं भाटव्याची फजिती नाही केली त भाटव्यालेच चुकल्यासारखं वाटते."

मी तसाच उठलो. गोणपाटाची शिवण उसवायला वेळ लागेल म्हणून दातानं दोरा तोडला. त्या गावी दंडारीसाठी भोंगा लावलेला होता. भोंगेवाल्याच्या हातापाया पडून मी तो मागून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा कारखान्याची छापील मराठी सोडून आपल्या बोलीत ओरडलो.

"ऐका हो ऐका! गावच्या समद्या साळ्याईले आवतन आहे! आपल्या भाटव्याले घेऊन मांडवात या! साळे इरुद्ध भाटवे! दोन साळे, दोन भाटवे! जो हरन तो जितनाऱ्याची उसाची मोळी खांद्यावर घेऊन मंडईभर फिरन!"

 मग दौलत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मले खेळता येत नाही. शिकवा."

"कधी?"

"आत्ताच. भाटवे तोंड धुऊन येऊन राहिले."

मी त्याला बसवलं. बोट कसं ठेवायचं, स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकवून कसा लावायचा, राणी घेतल्यावर लगेच आपली दुसरी सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत मांडावी लागते. तो डोळे मोठे करून ऐकत होता. इतक्यात तोंड धुतलेले भाटवे आले आणि दौलतला म्हणाले, "जरा सरक. मलेही आयकू दे." मग दुसरा साळा आला, त्याच्या मागं त्याचा भाटवा. थोड्या वेळानं मी बोर्डाभोवती बघितलं तर मला उठून उभं राहायलाही जागा नव्हती. सगळे शिकत होते. मोहाडीच्या बाजारात मी घसा कोरडा करून जे शिकवू शकलो नव्हतो, ते लोक मला दटावून दटावून शिकून घेत होते.

तेव्हा मला या धंद्याचं गुपित मिळालं. खेळ शिकायचा कुणाला नसतो. प्रत्येकाला कुणाला तरी हरवायचं असतं, आणि ते कुणीतरी अगदी ठरावीक असतं. तो माणूस कोण हे एकदा शोधून काढा, मग प्रात्यक्षिक करायची गरजच पडत नाही.

त्या दिवशी दौलत आणि त्याचा जोडीदार हरले. दोघं मोळी खांद्यावर घेऊन निघाले आणि पुढं त्यांचे भाटवे दंडारीतल्या राजासारखे छाती काढून चालले. बहिणी दोन्हीकडून ओरडत होत्या, भावालाही आणि नवऱ्यालाही. वडीलधारे तर लहान मुलं होऊन गेले. "अरे, उद्या आंधळगावच्या बाजूची मंडई आहे, तितं मायी साळी देली आहे," असं म्हणून एक भाटवा सरळ मला आमंत्रणच देऊन गेला.

पुढं गावागावांतून मलाच निरोप येऊ लागले. एका गावी साळ्यांनी दोन दिवस आधी पोहे-सुपारी पाठवून आपल्याला आधी शिकवावं, भाटव्यांना नंतर, अशी गळ घातली. मी दोन्हीकडून पोहे खाल्ले आणि दोघांनाही सारखंच शिकवलं.

आणि मग कौतिकाबाई आल्या. मोहाडीच्या जवळच्याच एका गावी, हंगाम संपत आला असताना. गावची सून, दोन पोरांची आई, हातात शिंगाड्याची पाटी. गर्दीतून वाट काढत बोर्डाशी आल्या आणि पाटी खाली ठेवली.

"साळ्यानं भाटव्याले हरवलं त चालते. मंग साळीनं हरवलं त काहून चालत नाही?"

मांडवात सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावाला काय पचेल ते गाव ठरवणार होतं. कौतिकाबाईंच्या सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, खाजवलं, परत घातली. "हक त साळीचाच जास्त आहे," ते शेवटी म्हणाले. "बस बाई."

लहानपणी बोटानं कवड्या टिपून त्यांचा नेम तयार झालेला होता. थोडा सराव झाल्यावर त्यांनी त्याच गावात दिलेल्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची अशी दाणादाण केली की तो मोळी उचलताना त्याची बायकोच टाळ्या पिटत होती. त्या दिवसापासून माझ्याकडे बायकांचाही बोर्ड लागू लागला, आणि तुमसरच्या दुकानदारानं नागपूरला निरोप पाठवला की माल संपला.

निरोपामुळंच शेठजी बघायला निघाले. शेवटच्या मंडईच्या दिवशी, कौतिकाबाईंच्या माहेरच्या गावी, दुपारी त्यांची जीप आली. पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, बरोबर मुनीमजी. त्या वेळी बोर्डाभोवती नुसता गलबला चालू होता. मला वाटलं, आता शेठजींना डोळे भरून दिसेल.

पण झालं उलटंच. एवढा मोठा माणूस गावात आला म्हटल्यावर गाव एका झटक्यात शिस्तीत आलं. खेळणारे उठून उभे राहिले, विड्या विझल्या, पदर डोक्यावर गेले. कुणी खुर्ची आणली, कुणी झेंडूचा हार. शेठजी खुर्चीत बसले, आणि त्यांच्या समोर माझा बोर्ड. रिकामा. पांढऱ्या-काळ्या सोंगट्या अर्धवट सोडलेल्या.

"चालू द्या की," शेठजी म्हणाले.

कुणी हललं नाही. पाहुण्यांसमोर कसं बसायचं? माझ्याबरोबर मंडया फिरू लागलेल्या दौलतकडे मी पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. मी एकदोघांचा हात धरून ओढला, ते "नाही जी, नाही जी" म्हणत मागं सरकले. मुनीमजी शेठजींच्या कानात काहीतरी बोलले. शेठजींनी बोर्डाच्या कडेवर पेरानं टकटक केली, सवयीनं, आणि मला म्हणाले, "माल संपला म्हणून दुकानदार कळवतो. मग खेळतं कोण?"

 काय सांगणार? आत्ता खेळत होते, हे वाक्य कारखान्यातला प्रत्येक कामचुकार रोज म्हणतो.

इतक्यात चहा घेऊन कौतिकाबाईंची आई आली. शेठजींच्या हातात कप दिला आणि आमच्याकडे कुठल्याही पाहुण्याला विचारतात ते विचारलं, "पाव्हने, सासुरवाडी कोनती तुमची?"

शेठजी जरा गडबडले. व्यवहाराचं बोलताना असं कुणी त्यांना विचारलं नसावं. "तुमसर," ते म्हणाले.

म्हातारीचा हात तसाच राहिला. "आपलं तुमसर? म्हंजे आमच्याच इकडची लेक तुमच्या घरी?" ती मांडवाकडे वळली. "अवं कौतिके! हे पाव्हने नोहेत बाई! हे त आपले जावई व्हय!"

मांडव फुटला. दुसरा शब्दच नाही. मागून दौलत ओरडला, "मंग आमचे भाटवेच की!" आणि शेठजींना काही कळायच्या आत दोघांनी त्यांना खुर्चीतून उठवून बोर्डाशी गोणपाटावर बसवलं. काळा कोट कुणीतरी काढून मुनीमजींच्या हातात दिला. समोर कौतिकाबाई पदर खोचून बसल्या.

आता मला दुसरी भीती. शेठजींना मी कित्येक वर्षं ओळखत होतो. त्यांनी हजारो बोर्ड बनवले, पण एकही सोंगटी कधी मारली नव्हती, हे आम्हा घासणाऱ्यांनाच ठाऊक होतं. मी कौतिकाबाईंना डोळ्यांनी विनवलं, की बाई, आजच्या दिवस माझ्यासारखं हरून दाखवा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

शेठजींचा पहिला स्ट्रायकर सरळ भोकात गेला. दुसरा बोर्डाबाहेर उडून मुनीमजींच्या पायावर बसला. पोरं शिट्ट्या मारू लागली. कौतिकाबाई शांतपणे एकेक सोंगटी घालत होत्या आणि दर सोंगटीला म्हणत होत्या, "घ्या भाटवे. हे घ्या. अन् हे माया बहिनीकडून." शेठजींचे कान लाल झाले होते. कपाळावर घाम. राणी गेली तेव्हा त्यांच्या सगळ्या सोंगट्या बोर्डावर होत्या.

दौलतनं उसाची मोळी आणून त्यांच्यासमोर उभी केली. मुनीमजी "अहो, अहो" करत मध्ये आले. शेठजींनी त्यांना हातानं बाजूला सारलं, मोळी खांद्यावर घेतली आणि निघाले. आख्खी मंडई त्यांच्या मागं. पानवाले दुकानं सोडून उभे राहिले. बायका "आमचे तुमसरचे भाटवे" म्हणून ओरडत होत्या आणि शेठजी मान वाकवून चालत होते. फेरी पुरी करून ते मांडवात आले, मोळी टाकली, आणि धोतराला चिकटलेला पाला झाडत माझ्यासमोर उभे राहिले. दम लागला होता. ते हसतायत की संतापलेत, ते मला कळेना.

"उद्या सकाळी कारखान्यात ये," ते म्हणाले.

 इतकं करून शेवटी घासायलाच. मी मान डोलावली.

"घासायला नव्हे रे," शेठजी म्हणाले. "मला शिकवायला. सकाळचा एक तास. मग तुझी भंडारा लाइन आहेच, ती तुझ्याकडून काढून घेत नाही मी. पुढच्या मंडईला मी येणार, आणि या बाईंना हरवल्याशिवाय नागपूरला परत जाणार नाही."

मी तिथंच बोर्डाशी खाली बसलो आणि सगळ्या मांडवासमोर रडू लागलो, अगदी हुंदके देऊन. मुलगी, छाती, ती भुकटी, सगळं एकदम डोळ्यांतून वाहत होतं.

कौतिकाबाई सोंगट्या गोळा करत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुमी कायले रडून राहिले बाप्पा?" त्या म्हणाल्या. "हरले त ते."